गिरणगावचे भजन



लालबाग-परळच्या चाळींत भजनाची वेळ गिरणीचा भोंगा ठरवीत असे. बुवा दिवसपाळीस, पखवाजी रात्रपाळीस. गाठ पडावयाची ती रविवारी! परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगार स्वतः नाटके करीत. शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांना ऐकावयास हीच वस्ती लोटे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. कित्येक भोंगे पुन्हा वाजले नाहीत. दूरदर्शनने भजने बुडविली म्हणतात. मला ते पटत नाही. भजनास मागे म्हणणारी दहा माणसे हाकेच्या अंतरावर लागतात. ती विरार-डोंबिवलीस पांगली.

आपल्या कार्यालयातील पखवाजाची शाई तडकली आहे. महिन्याचा एक रविवार सभागृह भाड्याने न देता भजनासाठी राखावे, अशी कार्यकारी मंडळास माझी विनंती आहे.