पळीभर तेलाची मराठी



चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथील शिलालेख शके ११२८ चा आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ मठ स्थापिला, त्याची ही नोंद. राजवंशाची थोरवी व भास्कराचार्यांची बिरुदे संस्कृत श्लोकांत आली आहेत. मठाला काय द्यावयाचे, हे सांगताना मात्र लेख मराठीत उतरतो : बाजारातील मालावरील राजाचा भाग, प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल. तेल देणाऱ्या तेल्याला ते कळावयास हवे होते.

१९६४ च्या अधिनियमाने मराठी राजभाषा झाली; पण ‘विहित मुदतीत अनुपालन न केल्यास प्रकरण निकाली काढण्यात येईल’ ही नोटीस शेतकऱ्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते, आणि तेवढ्यात मुदत टळते. ‘पंधरा दिवसांत सातबारा आणून द्या, नाहीतर अर्ज रद्द होईल’ असे लिहिण्यास कोणता नियम आड येतो?

बिरुदांचा सोसही तसाच. संविधानाच्या अनुच्छेद १८ ने किताब रद्द केले; १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पद्म सन्मानही नावामागे-पुढे लावू नयेत, असे स्पष्ट केले. तरी गावच्या निमंत्रणपत्रिकेत ‘कार्यसम्राटां’ना चार ओळी मिळतात, आणि सभेची वेळ कोपऱ्यात, बारीक अक्षरांत असते.