स्वरांच्या खुणा आणि संगणकाची समज



ज्यांच्या बोटांखाली संवादिनी गाऊ लागे, ते अप्पा जळगावकर (१९२२–२००९) जालन्याचे. अंबडचा दत्तजयंती संगीत महोत्सवही याच जिल्ह्यातला. ज्या घरांत गाणे शिकले गेले, तेथे बंदिशींच्या वह्या जपल्या जातात. आता त्या घरांतील मुले अशा वह्या संगणकावर उतरवू लागली, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र या कामात एका लहानशा रेघेकडे दुर्लक्ष झाले, तर सारे श्रम व्यर्थ जातात.

ही रेघ पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलिपीतील आहे. त्यांनी देशभर हिंडून बंदिशी मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत त्या स्वरांसह छापल्या. त्यांच्या लिपीत शुद्ध स्वराला खूण नाही. रे, ग, ध, नि कोमल असतील तर अक्षराखाली आडवी रेघ आणि मध्यम तीव्र असेल तर अक्षरावर उभी रेघ. षड्ज व पंचम अचल, म्हणून त्यांना खूण लागतच नाही. व्यवस्था सुटसुटीत आहे, पण तिचा सारा भार त्या रेघेवर आहे. भैरवीतल्या चारही कोमल स्वरांखालच्या रेघा गळाल्या, तर कागदावर उरतो बिलावल थाट! वाचणाऱ्याला चूक झाल्याची शंकाही येत नाही.

संगणकावर ही रेघ गळते कशी? पुष्कळ जण अक्षर टंकून त्याला अधोरेखा देतात. ती अधोरेखा म्हणजे केवळ सजावट. तोच मजकूर साध्या स्वरूपात दुसरीकडे चिकटवला की सजावट नाहीशी होते. यावर उपाय आहे. युनिकोडच्या देवनागरी संचात वेदपठणाच्या स्वरांसाठी उभ्या व आडव्या रेघेची स्वतंत्र चिन्हे आहेत. त्यांचे आकार भातखंडे यांच्या खुणांसारखेच आहेत. ग॒ किंवा म॑ असे लिहिले की रेघ अक्षराबरोबरच प्रवास करते.

पुढचा प्रश्न असा की, ही खूण संगणकाने आपण होऊन द्यावी काय? पाश्चात्त्य स्वरलेखनात हे काम संगणक बराच काळ करीत आहे. तेथे एखाद्या स्वराला दिलेली खूण त्या मात्राखंडाच्या अखेरपर्यंत लागू असते आणि पुढच्या उभ्या रेषेनंतर संपते. लिलीपाँडसारख्या प्रणालीला लेखकाने फक्त कोणता स्वर हवा ते सांगायचे. खूण कोठे छापायची आणि कोठे गाळायची, हा हिशेब प्रणाली ठेवते. भातखंडे पद्धतीत प्रत्येक स्वर आपली खूण स्वतःच वाहतो. त्यामुळे मागचे लक्षात ठेवण्याचा प्रश्न येत नाही.

तरीही अडचण उरते. संवादिनीसारखा पट्ट्यांचा फलक संगणकाला जोडला, तर १९८३ पासून रूढ असलेल्या ‘मिडी’ संकेतानुसार संगणकापर्यंत स्वराचे नाव पोहोचत नाही. पोहोचतो तो केवळ पट्टीचा क्रमांक. ६६ क्रमांकाची पट्टी पाश्चात्त्यांसाठी एफ शार्प किंवा जी फ्लॅट, दोन्ही असू शकते. आपल्याकडे एका जागेला एकच नाव आहे, पण त्यासाठी षड्ज ठाऊक हवा. पांढरी एक हा षड्ज असेल तर ६६ म्हणजे तीव्र मध्यम. षड्ज काळी एकवर नेला की तीच पट्टी शुद्ध मध्यम होते. म्हणून संगणकाला प्रथम षड्ज सांगावा लागतो.

आणि पट्टी न दाबता नुसती अक्षरे टंकायची असतील, तर राग सांगावा लागतो. भातखंडे यांचे दहा थाट येथे उपयोगी पडतात. ‘काफी’ म्हटले की ग आणि नि यांना आपोआप रेघ देता येते. परंतु खमाजात आरोहाचा निषाद शुद्ध आणि अवरोहाचा कोमल. ‘पुढचा स्वर वरचा की खालचा’ असा नियम संगणकाला शिकवला, तर पुष्कळ वेळा निभावते. मग बिहागातली ‘प म॑ ग म ग’ ही संगती येते. दोन्ही मध्यमांनंतर गंधारच येतो, तरी पहिला तीव्र आणि दुसरा शुद्ध. येथे दिशेचा नियम थांबतो. रागाचे चलन ज्याच्या कानात आहे, त्यालाच ते ठरवता येते.

याहून सूक्ष्म गोष्टीही आहेत. दरबारीतल्या आंदोलित गंधाराला एका रेघेत कसे बांधावे? बारा स्थिर पट्ट्यांमध्ये श्रुती आणि मींड बसत नाही, या आक्षेपावरूनच आकाशवाणीने १९४० साली संवादिनीला दारे बंद केली होती. ती १९७१ नंतरच हळूहळू उघडली. वाद्याची मर्यादा ओळखून त्याचा उपयोग कसा करावा, हे अप्पांसारख्या साधकांनी दाखवून दिले. संगणकाच्या बाबतीतही तीच दृष्टी हवी.

तेव्हा मार्ग सरळ आहे. वहीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र आधी घ्यावे. नोंद करताना राग आणि ताल यांची नावे प्रारंभीच लिहावीत. रेघ अधोरेखेने न देता चिन्हाने द्यावी. संगणकाने सुचवलेली खूण ही सूचना मानावी आणि अखेरचा निर्णय गुरुजनांसमोर ती बंदिश गाऊन करावा. नातवाने टंकावे, आजीने गुणगुणून तपासावे. ज्यांच्या कानात ते स्वर अचूक आहेत, ती माणसे आपल्यात आहेत तोवरच हे काम होणार आहे. वही पुढेही राहील, पण पुसट झालेली रेघ नेमकी कोणत्या स्वराखाली होती, हे सांगणारे कोणी उरणार नाही.