फेस कुठे थांबवायचा?

कविता लिहिणाऱ्या माणसाला रेडिओवर बोलावलं की त्यानं कवितेवर बोलावं, अशी अपेक्षा असते. मी आज एका प्लास्टिकच्या नळकांड्याबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव प्रोटीन स्किमर. खाऱ्या पाण्याच्या टाकीत नुसते मासे न ठेवता मऊ प्रवाळ, कोळंबी, खडक असं छोटंसं प्रवाळबेटच ज्यांनी घरात मांडलंय, त्यांच्याकडे टाकीखालच्या कपाटात हे नळकांडं चोवीस तास गुरगुरत असतं. आमच्या कोल्हापुरातल्या घरात ते चार वर्षांपासून आहे. टाकी थोरल्या मुलाची. गेल्या वर्षी तो नोकरीसाठी दोह्याला गेला, आणि जाताना दोन पानांची टिपणं कपाटाच्या दाराला आतून चिकटवून टाकी माझ्या हवाली करून गेला. पुढे जे झालं त्यात चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो.

हे यंत्र काय करतं ते मला मुलानं चार वेळा समजावलं होतं. कळलं मात्र गुऱ्हाळामुळे. माझे मामू पन्हाळ्याच्या वाटेवर एका गुऱ्हाळावर गुळवे होते. चुलवाणावर काहील चढली, रसाला उकळी फुटायला लागली, की त्यात भेंडीचं चिकट पाणी पडायचं आणि रसातला गाळसाळ फेसाबरोबर वर यायचा. ती मळी. मामू ती झाऱ्यानं अलगद ओढून काढत. मळी राहिली तर गूळ काळा पडतो. पण झारा खोल घातला तर मळीबरोबर रसही जातो, आणि मालक ओरडतो.

स्किमर हा असाच बिनविस्तवाचा गुळव्या आहे. माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य, प्रवाळांचा चिकट स्राव यांतून पाण्यात जे पदार्थ उतरतात, त्यांतल्या पुष्कळांच्या रेणूंचं एक टोक पाण्याला धरून राहणारं आणि दुसरं पाण्यापासून पळणारं असतं. असा रेणू हवेच्या बुडबुड्याला भेटला की पळणारं टोक बुडबुड्यात खुपसून तिथंच चिकटून बसतो. मोटार हवा आणि पाणी एकत्र घुसळून लाखो बारीक बुडबुडे तयार करते. ते नळकांड्यातून वर चढतात, वरच्या अरुंद गळ्यात त्यांचा फेस होतो, पाणी खाली निथळतं आणि घाण घेतलेला फेस काठावरून पलीकडच्या कपात पडतो. कपात जमतं ते कोऱ्या चहासारखं किंवा त्याहून काळं पाणी. त्याचा वास मी रविवारच्या सकाळी तुम्हाला सांगत नाही. हे सगळं कुजून त्याचं अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट होण्याआधीच पाण्याबाहेर जातं, हा त्यातला मोठा फायदा. शिवाय एवढ्या बुडबुड्यांमुळे पाण्याला प्राणवायू मिळतो तो वेगळा.

हे खाऱ्या पाण्यातच नीट जमतं. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि भसाभस वर निघून जातात. खाऱ्या पाण्यात ते बारीक राहतात. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर पिवळट फेसाचे ढीग येऊन पडतात, ते तुम्ही पाहिले असतील. तो समुद्राचा स्वतःचा स्किमर म्हणायला हरकत नाही.

मात्र या यंत्राला नको तेवढं श्रेयही देऊ नये. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९च्या सुमारास निरनिराळे स्किमर घेऊन मोजमाप केलं. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही कमीच स्किमरला काढता येतो, असं त्यांना दिसलं. यंत्रायंत्रांत फरकही जाहिरातींत असतो तेवढा निघाला नाही. म्हणजे पाणी बदलणं, खाद्य मोजून घालणं हे चुकत नाही.

ज्यांना घ्यायचा असेल त्यांच्यासाठी थोडं निवडीबद्दल. खोक्यावर लिहिलेले लिटर वाचून स्किमर घेऊ नका. तो आकडा बहुधा मासे थोडे आणि खाणारं कुणी नाही, अशा टाकीचा असतो. त्यावर उपाय म्हणून लोक पाचपट मोठा घेतात. आमच्या मुलानं तेच केलं. टाकी, खालची टाकी धरून, दोनशे लिटरची. स्किमर आणला हजार लिटरचा. महिनाभर तो नळकांड्यापुढे उकिडवा बसायचा आणि फेस गळ्यापर्यंत येऊन माघारी जायचा. पाण्यात एवढ्या जाड फेसाला धरून ठेवील इतकी घाणच नव्हती. शेवटी पडेल त्या किमतीला विकून त्यानं मध्यम आकाराचा घेतला, आणि तिसऱ्या आठवड्यात कपात चहा दिसू लागला. तेव्हा टाकीचे लिटर बघा, पण त्याहून जास्त, तुम्ही रोज किती खाद्य घालता ते बघा.

पूर्वी हवेसाठी लाकडाचे ठोकळे वापरत. त्यातून बुडबुडे सुरेख येतात, पण ठोकळे काही आठवड्यांत बदलावे लागतात. आता बहुतेक यंत्रांत मोटारीच्या पंख्याला पात्यांच्या जागी सुयांसारख्या काड्या असतात, त्याच हवा चिरतात. ही मोटारच स्किमरचं काळीज. ती बिघडली तर तिचा पंखा तुमच्या गावात, निदान मुंबई-पुण्यात मिळतो का, हे विकत घेण्याआधी विचारा. कप एका हातानं निघतो का ते बघा. जो कप काढायला कष्ट पडतात तो धुतला जात नाही. आणि कपाटाची उंची मोजून जा. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण आमच्या कपाटाचा वरचा फळकुटा सुताराला बोलावून कापावा लागला आहे.

स्किमर बसतो तो खालच्या टाकीत. तिला ही मंडळी संप म्हणतात. घरात पहिल्यांदा हा शब्द ऐकून आमच्या गिरणीतल्या जुन्या शेजाऱ्यांनी, 'कुणाचा संप?' असं काळजीनं विचारलं होतं. या संपात स्किमरच्या कप्प्यातलं पाणी कायम एकाच उंचीवर राहायला हवं, कारण बाहेरचं पाणी बोटभर चढलं की आतला फेसही चढतो. म्हणून तिथं एक आडवी काच लावतात. पाणी त्या काचेवरून सांडून पुढच्या कप्प्यात जातं, आणि रोजची घट त्या पुढच्या कप्प्यात दिसते. हे लक्षात ठेवा, माझ्या चुकीशी त्याचा संबंध आहे.

मुलगा गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात एक छोटा खडक कलंडला. मी बाही वर केली आणि हात घातला. सकाळची वेळ, डोक्याला तेल लावून झालेलं, हात नुसता पंचाला पुसलेला. दुपारी पाहिलं तर स्किमरमधला फेस पार बसलेला. तेलाचा अंश पाण्यात गेला की फेस मोडतो आणि काही तासांनी, फार तर एका दिवसानं, आपोआप परत येतो. टिपणांत हे लिहिलेलं होतं, दुसऱ्या पानावर. मी पहिलंच पान वाचलं होतं. यंत्र बिघडलं असं समजून मी बाहेर जाणाऱ्या पाण्याची चावी दोन वेढे आवळली. चावी आवळली की नळकांड्यातली पाण्याची पातळी चढते आणि फेस वर ढकलला जातो. लगेच काही झालं नाही, म्हणून आणखी अर्धा वेढा.

सकाळी उठून बघतो तो कपाची नळी ज्या बादलीत सोडली आहे, ती बारा लिटरची बादली काठोकाठ भरलेली. श्रोतेहो, मला आनंद झाला. एवढी घाण निघाली! पाणी फिकट पिवळं होतं, चहासारखं नव्हतं, याचा अर्थ मी 'घाण संपत आली' असा लावला. पुढच्या कप्प्यातलं पाणी रेघेच्या खाली गेलं होतं. टिपणाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत होतं : पाणी रेघेखाली गेलं की शुद्ध केलेलं गोडं पाणी घालून रेघेपर्यंत आणावं. तसं केलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. असे पाच दिवस मी बादली ओतत होतो, गोडं पाणी घालत होतो आणि फोनवर मुलाला सांगत होतो, तुझा स्किमर आता जोरात चाललाय.

मुलानं लिहिलेलं चूक नव्हतं. पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ टाकीतच राहतं, म्हणून घट गोड्या पाण्यानंच भरायची असते. पण बादलीत गेलेलं पाणी वाफ झालेलं नव्हतं, ते मीठ घेऊन गेलं होतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं, म्हणजे भरलेल्या एका बादलीत चारशे ग्रॅमच्या वर. पाच दिवसांत मी जवळजवळ दोन किलो मीठ मोरीत ओतलं होतं.

सहाव्या दिवशी सफाई कोळंबी मेलेली सापडली. लाल अंगाची, पाठीवर पांढरा पट्टा असलेली. माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खाते, म्हणून तिला ते नाव. मी टाकीत बोट घातलं की माझी नखंही साफ करायला यायची. मुलाची ती लाडकी होती. मऊ प्रवाळ मिटून सुकलेल्या मनुक्यांसारखे झाले होते. फक्त क्लाऊन माशांची जोडी, ज्यांना पोरं २००३ सालच्या सिनेमामुळे नीमो म्हणतात, खाद्याची वाट बघत नेहमीसारखी फिरत होती. मी क्षारता मोजली. पस्तीस असायला हवी, ती सव्वीस होती.

फोन केला. मुलगा थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "अब्बा, बादलीतलं पाणी चाखून बघितलं असतं तरी कळलं असतं." रागावला नव्हता. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

त्यानं सांगितलं ते असं. चावी पूर्ण उघडा. क्षारता एकदम वाढवू नका, दिवसाला एक-दोन अंशांपेक्षा जास्त नको. रोजची वाफेची घट काही दिवस गोड्याच्या जागी खाऱ्या पाण्यानं भरा. आणि स्किमर नवा असल्यासारखा पहिल्यापासून बसवा. मी तसा बसवला, आणि आता ते मला येतं.

चावी उघडी ठेवून सुरुवात करायची, फेस खाली असू दे. मग दिवसातून एकदाच, अगदी थोडी, पाव वेढ्याइतकी आवळायची आणि हात बाजूला घ्यायचा. दुसऱ्या दिवशी बघायचं. खाली दुधाळ बुडबुडे आणि वर मोठा, सुकत जाणारा फेस, यांची सीमा गळा सुरू होतो त्या सांध्यापाशी आली की थांबायचं. सीमा वर नेली तर फिकट पाणी भराभर निघतं. खाली ठेवली तर दाट, काळं, थोडं निघतं. दोन्ही पद्धतींचे भक्त आहेत. पाणी फिकट काढायचं असेल तर काढा, पण मग किती लिटर गेलं ते मोजा आणि तेवढं खारं पाणी परत घाला. अगदी नवा स्किमर असेल तर पहिले आठ-पंधरा दिवस तो लहरीपणा करतो, त्याच्या भिंतींना लागलेला कारखान्याचा तेलकटपणा जायला आणि आतून बुळबुळीत थर बसायला वेळ लागतो. त्या काळात चावीला हात लावू नये.

गळ्याच्या आत काळं लोण्यासारखं जमतं. ते आठवड्यातून दोनदा पुसा, साबण अजिबात नको. हवेची नळी मिठाच्या खड्यांनी तुंबते. कोमट पाणी चालतं. मोटार तीन-चार महिन्यांनी पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये भिजत घाला. वीज गेली की वरच्या टाकीतलं पाणी संपात उतरतं आणि पातळी चढते. वीज आल्यावर स्किमर पाच-दहा मिनिटांनी सुरू होईल अशी सोय केली तर पहाटे फरशी पुसावी लागत नाही. आणि बादलीच्या जागी छोटी बाटली ठेवा. भरली की तिचं तोंड बंद होऊन हवा अडते आणि फेस थांबतो, अशा बुचाच्या बाटल्या मिळतात. आमच्याकडे आता अर्ध्या लिटरची आहे.

एक गोष्ट कायद्याची. आमच्या टाकीत दगडी प्रवाळ नाही, आणि तुमच्याही नसावं. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे यांना २००१ सालापासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्या पंगतीला बसवलेलं आहे. दुकानदार मागच्या खोलीत नेऊन दाखवेल, तरी घेऊ नका. मालवणच्या समुद्रात ते आहे, तिथंच राहू द्या.

प्रवाळ फुलायला तीन आठवडे लागले. नवी कोळंबी मी मुलाला न विचारता आणली नाही. ईदला तो आला तेव्हा जाऊन दोघांनी मिळून आणली. त्या रात्री जेवण झाल्यावर त्यानं कपाट उघडलं, कप बघितला, "छान ठेवलंय" म्हणाला, आणि चावी केसभर आवळली. चावीवर मी नेलपॉलिशची लाल खूण करून ठेवलेली आहे. तो झोपल्यावर मी ती परत खुणेवर आणली.