खाडीवरचा शब्बाथ

जलप्रवासाचा बेत ठरवितांना सामान्य मनुष्य प्रथम देखावा पाहतो, मग खर्च पाहतो, आणि जेवणाची चौकशी सर्वांच्या शेवटीं करितो. यहुदी धर्माचे आहारनियम पाळणाऱ्या कुटुंबाला हा क्रम उलटा करावा लागतो. त्याला आधीं चूल पाहावी लागते, नंतर शुक्रवारचा सूर्य कोणत्या धक्क्यावर मावळणार तें पाहावें लागतें, आणि इतकें जमल्यावर जो कांठ उरेल त्याचा देखावा गोड मानून घ्यावा लागतो. असल्या प्रवासांत मौज ती काय राहिली, असें कोणाला वाटेल. परंतु युरोपांत ऱ्हाईन आणि डॅन्यूब ह्या नद्यांवर असे प्रवास मोठ्या हौसेनें केले जातात. तेच रत्नागिरीच्या खाड्यांवर करावयाचे म्हटलें तर कोणती खाडी निवडावी, हा प्रश्न प्रथमदर्शनीं वाटतो तितका परका नाहीं. कारण कोंकणच्या किनाऱ्यावर बेने इस्रायल लोक शतकानुशतकें राहत आले आहेत, व त्यांची मायबोली मराठीच आहे.

त्यांच्या परंपरेप्रमाणें त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्याला लागले, आणि त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. पुढें तेलाचा घाणा हा त्यांचा मुख्य धंदा झाला. शनिवारीं घाणा बंद ठेवावयाचा हा त्यांचा नेम असल्यामुळें शेजारी त्यांना शनवारतेली म्हणूं लागले. किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर अशीं त्यांचीं आडनांवें आहेत. नकाशा पुढें घेतला तर ह्यांतलीं बहुतेक गांवें समुद्राच्या किंवा खाडीच्या कांठींच सांपडतात. इ. स. १९४८ नंतर ह्या समाजांतील बहुसंख्य लोक इस्रायलांत गेले. लोद, दिमोना, अश्दोद, बीरशेबा ह्या शहरांतून त्यांची मराठी अजून कानीं पडते. त्यांचीं नातवंडें आजोबांचें गांव पाहावयाला कोंकणांत उतरतात तेव्हां, कोणत्या खाडीनें जावें आणि वाटेंत काय खावें, हा त्यांच्या दृष्टीनें खरोखरीचा प्रश्न असतो.

आधीं खाण्याचें पाहूं. कोशेर म्हणजे शास्त्राला मान्य असलेलें. ज्या जनावराचे खूर दुभंगलेले आहेत व जें रवंथ करितें त्याचेंच मांस चालतें. तें जनावर जाणत्या माणसानें विधिपूर्वक कापलेलें असावें लागतें, व मांस भिजवून आणि मीठ लावून त्यांतलें रक्त काढून टाकावें लागतें. मांस आणि दूध एकत्र शिजवीत नाहींत, एका जेवणांत घेत नाहींत, आणि त्यांचीं भांडींही निराळीं ठेवितात. मासळीचा नियम सोपा आहे: पर आणि खवले दोन्ही असले तर मासा घ्यावा, नाहीं तर सोडून द्यावा. म्हणजे बांगडा, पापलेट, खाडींतला जिताडा आणि बोय हे घ्यावे. कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, कालवें, मुशी, शिंगाळा हीं सर्व टाकावीं. रत्नागिरीला येऊन कालवें खावयाचीं नाहींत हें ऐकून एखाद्या कोंकणी गृहिणीला कीव येईल खरी! तथापि ह्याच नियमानें बेने इस्रायलांची ओळख पटली अशी आख्यायिका आहे. दाविद रहाबी नांवाच्या यहुदी गृहस्थानें ह्या लोकांच्या बायकांपुढें मिश्र मासळी ठेविली, तेव्हां त्यांनीं पर व खवले नसलेली मासळी आपण होऊन बाजूला काढली, असें सांगतात. इतर पुष्कळ धर्मज्ञान विसरून गेलेल्या ह्या समाजानें चुलीपाशीं मात्र तें जपलें होतें.

दुधाची अडचण कोंकणानें स्वतःच दूर केली आहे. नारळाचा रस शास्त्राच्या दृष्टीनें दूध नव्हे. म्हणून मटणाच्या रश्शाला तो खुशाल घालतां येतो, आणि नव्याच्या सणाचा चिकाचा हलवाही नारळाच्या रसांत होतो. तेव्हां होडीवर एकच चूल असेल तर शहाण्या माणसानें सबंध आठवडा दुधाचें नांव काढूं नये. मासळी, भात, भाजी आणि नारळ एवढ्यावर स्वयंपाक ठेवला म्हणजे भांड्यांचा दुसरा संच वाहून नेण्याचें टळतें. भांडीं मात्र आपलीं हवीं. दुसऱ्याच्या स्वयंपाकांत वापरलेलें धातूचें भांडें उकळत्या पाण्यानें किंवा जाळानें शुद्ध करितां येतें, मातीचें येत नाहीं. नवें विकत घेतलेलें धातूचें भांडें वापरण्यापूर्वीं नैसर्गिक जलाशयांत बुडवून काढावें लागतें, व ह्या कामाला समुद्राचें पाणी चालतें. युरोपांतील नदीप्रवासांत सबंध जहाजच ठरवून घेतात, त्याचें स्वयंपाकघर आधीं शुद्ध करितात, आणि देखरेखीला एक धर्मज्ञ माणूस बरोबर ठेवितात. कोंकणांत लहान होडी, एकच कुटुंब आणि आपल्याच हातचें जेवण, असा बेत अधिक सुलभ आहे.

ठिकाणांच्या दृष्टीनें युरोपचें पारडें जड आहे हें नाकारतां येत नाहीं. ऱ्हाईनच्या कांठीं स्पायर, वर्म्स आणि माइन्झ हीं मध्ययुगीन यहुदी विद्येचीं तीन नगरें आहेत. तेथील अवशेषांना इ. स. २०२१ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारशांत स्थान दिलें. डॅन्यूबच्या वाटेवर व्हिएन्नाचें १८२६ चें आणि बुडापेस्टचें १८५९ चें सिनेगॉग लागतें. पण तेथेंही पाण्याची लहर सांभाळावीच लागते. २०१८ आणि २०२२ ह्या सालीं ऱ्हाईनचें पाणी इतकें उतरलें कीं मालवाहू जहाजांना निम्म्या भारानें जाण्याची पाळी आली. केरळांत परवूर आणि चेंदमंगलम् येथील जुनीं सिनेगॉगें पाण्याच्या वाटेनें पाहतां येतात. आतां तेथें प्रार्थना होत नाहीं, तीं संग्रहालयें झालीं आहेत. चालती प्रार्थना हवी असणाराला त्यांचा उपयोग नाहीं.

आतां शुक्रवारच्या सूर्यास्ताकडे वळूं, कारण खरी मेख तेथेंच आहे. शब्बाथ शुक्रवारीं सूर्यास्तापूर्वीं लागतो आणि शनिवारीं आकाशांत तीन तारे दिसेपर्यंत चालतो. त्या अवधींत अग्नि पेटवावयाचा नाहीं आणि प्रवासाला निघावयाचें नाहीं. तालमुदांत असा निर्बंध आहे कीं शब्बाथाच्या आधींच्या तीन दिवसांत गलबतावर चढूं नये. परंतु सोळाव्या शतकांत योसेफ कारो ह्यांनीं रचलेल्या शुल्हान आरूख ह्या ग्रंथांत त्याचें कारण देऊन समुद्र आणि नदी ह्यांत भेद केला आहे. खाऱ्या समुद्रावर पहिले तीन दिवस माणसाला मळमळतें, आणि शब्बाथ तर आनंदानें पाळावयाचा. नदीवर तो त्रास नाहीं, म्हणून नदीला ही अट नाहीं. ज्यानें हा भेद केला त्याला प्रवाशाच्या पोटाची चांगली माहिती होती यांत शंका नाहीं. कोंकणांतल्या माणसाला ह्याचा अर्थ असा कीं खाडीच्या आंत राहिल्यास सवलत आहे. बारें ओलांडून खुल्या समुद्रांत होडी घातली कीं ती संपली.

खाडींत होडी चालते ती भरतीवर. भरतीची वेळ काढण्याची कोंकणांतली जुनी रीत अशी: तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे तास निघतात. अष्टमीला सहा वाजतां भरती, पौर्णिमेला सव्वाअकराला. दिवसांतून दोनदां भरती येते, आणि रोज ती पाऊण तासानें पुढें सरकते. यहुदी महिनेही चंद्रावरच चालतात. म्हणून एखाद्या दिवसाच्या फरकानें त्यांच्या पंचांगांतली तारीख ही आमची तिथीच असते, आणि तीवरून तांडेलाला न विचारतां भरती सांगतां येते. पेसाह हा सण त्यांच्या निसान महिन्याच्या पंधराव्या दिवशीं, म्हणजे बहुधा फाल्गुनी किंवा चैत्री पौर्णिमेच्या सुमारास येतो. तेव्हां उधाण असतें. पाणी भरपूर असतें, पण तें दुपारीं आणि मध्यरात्रीं. सूर्यास्ताच्या वेळीं नेमकी सुकती असते. पौर्णिमेच्या शुक्रवारीं जो दुपारच्या पाण्यानें धक्क्याला लागला नाहीं, त्याची होडी शब्बाथ लागतांना चिखलांत बसलेली असेल. उलट अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हां पाणी येतें तें बरोबर संध्याकाळीं, पण थोडें येतें. खाडीच्या वरच्या टोकाला तें पुरत नाहीं.

ह्या हिशेबानें रत्नागिरी जिल्ह्यांतल्या खाड्या पाहिल्या म्हणजे निवड बरीच सोपी होते. रत्नागिरी शहराजवळची भाट्याची खाडी तोंडाशीं गाळानें उथळ झालेली आहे. ती सकाळच्या सहलीपुरती ठीक. जयगडची खाडी शास्त्री नदीची. तिचें तोंड रुंद आणि खोल आहे, पण संगमेश्वराकडे जावें तसतसें पाणी उतरत जातें. दाभोळची खाडी ह्या सर्वांत उत्तम. वाशिष्ठीच्या मुखापासून चिपळूणजवळच्या गोवळकोटापर्यंत सुमारें चाळीस किलोमीटर पाणी आंत गेलें आहे. दोन्हीं कांठांना कांदळवन, मागें डोंगर, मधून मधून बेटें, आणि चिखलावर ऊन खात पडलेल्या मगरी. कोयना प्रकल्पाचें पाणी वीज निर्माण करून पोफळीपाशीं वाशिष्ठींत उतरतें. त्यामुळें इतर नद्या उन्हाळ्यांत आटल्या तरी ह्या नदीला गोड्या पाण्याचा ओघ राहतो. रविवारीं दाभोळला चढावें, उधाणाच्या पाण्यानें गोवळकोट गाठावा, आणि तीन-चार दिवस रमत गमत खालीं यावें. ज्येष्ठ ते श्रावण मात्र हा बेत कोणी मनांतही आणूं नये.

इतकें सर्व असूनही दाभोळच्या कांठीं शब्बाथ काढण्यांत एक उणीव राहते, आणि ती देखाव्यानें भरून निघत नाहीं. सामुदायिक प्रार्थनेला व तोरा-वाचनाला दहा प्रौढ पुरुष लागतात. नऊ असले तर पोथी पेटींतून निघत नाहीं. कोंकणांतलीं सिनेगॉगें आहेत तीं उत्तरेकडे, रायगड जिल्ह्यांत: अलिबागचें १८४८ चें, पेण व पनवेलचीं, आणि कुंडलिकेच्या मुखाशीं रेवदंड्याचें. इमारती उभ्या आहेत, दिव्यांत तेल घालणारे हात उरले नाहींत. रेवदंड्यास आतां बेने इस्रायलांचीं थोडींच घरें राहिलीं आहेत. अशा गांवीं दहा-बारा पुरुषांची एक होडी शुक्रवारीं लागली तर प्रवाशांना सिनेगॉग मिळेल, आणि सिनेगॉगला दहा माणसें मिळतील. ऱ्हाईनच्या कांठच्या संग्रहालयाला पाहुण्याची अशी गरज नसते. म्हणून आठवड्याचे पहिले दिवस वाशिष्ठीवर काढून, गुरुवारीं भांडींकुंडीं घेऊन मोटारीनें रेवदंडा गाठावा, आणि शुक्रवारीं सकाळीं कुंडलिकेच्या पाण्यावर दुसरी होडी धरावी, हें इष्ट. खुल्या समुद्रानें तेवढी मजल मारण्याचा हट्ट करण्यांत अर्थ नाहीं.

शब्बाथांत गांवाच्या हद्दीबाहेर दोन हजार हातांपलीकडे, म्हणजे सुमारें एक किलोमीटरपलीकडे, जातां येत नाहीं. रेवदंड्याचें सिनेगॉग गांवांतच असल्यानें ती अडचण उरत नाहीं. येथें खाडीचें तोंडच असल्यामुळें भांगाचें पाणीही लहान होडीला पुरतें. तेव्हां कार्तिक-मार्गशीर्षांत ज्या आठवड्याला शुक्रवारीं सप्तमी असेल तो आठवडा धरावा. त्या दिवशीं सव्वापांचाला भरती येते व होडी धक्क्याला टेकते. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तेवढ्या वेळांत भात उतरवून, दिवे लावून, स्नान करून सिनेगॉगपर्यंत चालत जातां येतें. शनिवारीं अष्टमीची भरती सहाला पूर्ण होते. पाऊण तासांत तीन तारे दिसतात, शब्बाथ निरोप घेतो, आणि तोंवर ओहोटी लागलेली असते. होडी तिच्याबरोबर सुटते.