कंपवात आणि औषधाची अखंड धार

कंपवाताचा रोगी सकाळीं अंगणांत फिरतो आणि दुपारीं त्यास खुर्चीवरून उठवत नाहीं. मग घरांत कुजबुज होते, "मघांशीं तर चालत होते!" ही शंका अन्यायाची आहे. लेव्होडोपाची गोळी आरंभीं बराच वेळ पुरते. पुढें मेंदूंतील डोपामिन सांठविणाऱ्या पेशी घटत जातात आणि गोळीचा अंमल थोड्याच तासांत ओसरतो. जठर मंदावलें तर ती वेळेवर लागूही पडत नाहीं.

यावर शिवपिंडीवरील अभिषेकपात्राप्रमाणें अखंड धार धरण्याची युक्ति निघाली आहे. इ. स. २०२४ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें 'व्हायालेव्ह' या औषधास मान्यता दिली. अंगावर वागविण्याजोगा लहानसा पंप बारीक नळीनें चोवीस तास त्वचेखालीं तें औषध सोडतो. रात्रींही धार तुटत नाहीं. शस्त्रक्रियाही लागत नाहीं. मात्र नळीची जागा लाल होते, कधीं पिकतेही. म्हणून ती निदान तीन दिवसांनीं बदलावी लागते. कांहींना भास होतात. रोग समूळ जात नाहीं, तो नाहींच.

पंप कोणास योग्य, हें मज्जारोगतज्ज्ञ ठरवितील. परंतु रोग्यावरील सोंगाचा आळ दूर करणें घरच्यांच्या हातीं आहे; तें आजच करावें.