नाव दुसऱ्याचे, माल आपला
(वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



शिक्षणाचे महत्त्व सांगणारी भाषणे आपण या व्यासपीठावरून नेहमीच ऐकता. आज मी एका लहानशा, पण पोटापाण्याशी निगडित असलेल्या प्रश्नाविषयी बोलणार आहे. आपल्या किनाऱ्यावरील पुष्कळ घरांचा संसार आधी जहाजावरील नोकरीवर आणि पुढे आखाती देशांतून येणाऱ्या पैशावर चालला. आता मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन येथे घरी बसूनही मोबाईलवरून देशभर माल विकता येतो. मुंबईच्या नागदेवी भागातून घाऊक माल आणावा, त्याचे फोटो काढून ऑनलाईन दुकानावर टाकावेत आणि मागणी आली की पार्सल पाठवावे, असा धंदा थोड्या भांडवलात उभा राहतो. कुकरची रिंग, मिक्सरचे भांडे, मिनिडोरचे सुटे भाग, होडीच्या इंजिनाचे सामान अशा मालाला गिऱ्हाईकही बारमाही असते.

परंतु पहिल्याच दिवशी एक अडचण उभी राहते. आपला सुटा भाग दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला बसणारा आहे. त्या कंपनीचे नाव लिहिल्यावाचून गिऱ्हाइकाला तो कशाचा हे कळणार कसे? आणि नाव लिहिले तर गुन्हा होतो काय? यावर बाजारात दोन उत्तरे मिळतात. एक जण म्हणतो, "सगळेच लिहितात, तूही लिही." दुसरा म्हणतो, "मोठ्या कंपनीचे नाव घेतलेस तर तुरुंगात जाशील." मित्रहो, ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. पहिल्याने मुलगा संकटात सापडतो आणि दुसऱ्याने चांगला धंदा हातचा जातो.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या देशातील व्यापारचिन्हांचा सध्याचा कायदा १९९९ सालचा असून तो १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलात आला. नोंदलेले नाव वा चिन्ह दुसऱ्याने आपल्या मालावर वापरले तर ते अतिक्रमण होय, हा त्यातील मुख्य नियम. परंतु त्याच कायद्याच्या कलम ३० मध्ये काही सवलती सांगितल्या आहेत, आणि त्यांतील एक सुट्या भागांच्या विक्रेत्यासाठीच आहे. एखादी वस्तू दुसऱ्या वस्तूचा भाग म्हणून वा तिला जोडण्यासाठी बनविली असेल, तर ती कशाला बसते हे सांगण्यासाठी दुसऱ्याचे नाव वापरता येते. मात्र अटी दोन. त्या नावाचा वापर वाजवीपणे आवश्यक असला पाहिजे. आणि त्या कंपनीशी आपला संबंध नसताना तो असल्याचा भास निर्माण करण्याचा हेतू नसावा, आणि तसा परिणामही होऊ नये. या "परिणाम" शब्दाकडे लक्ष द्या. "माझ्या मनात तसे नव्हते" एवढ्याने सुटका होत नाही.

या अटींची कसोटी आपल्या स्वयंपाकघरातील वस्तूवरच लागली आहे. प्रेशर कुकर बनविणाऱ्या हॉकिन्स कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात मुरुगन एंटरप्रायझेस या विक्रेत्याविरुद्ध दावा केला होता. हा विक्रेता "मयूर" या स्वतःच्या नावाने कुकरच्या रिंगा विकत असे आणि पाकिटावर त्या हॉकिन्स प्रेशर कुकरला योग्य असल्याचे छापत असे. हॉकिन्स हे नाव तेवढे उठून दिसेल असे छापलेले होते. २००८ साली एका न्यायाधीशांपुढे हॉकिन्सचा दावा टिकला नाही. परंतु अपिलात २०१२ साली दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने तो निर्णय फिरविला. रिंगा तर निरनिराळ्या कंपन्यांच्या कुकरांना चालतात. मग एकाच प्रसिद्ध कंपनीचे नाव निवडून ते ठळक छापण्याची गरज काय, असा त्या निकालाचा रोख होता. माल कशाला बसतो ते सांगण्यासाठी नाव घेणे निराळे आणि त्या नावाच्या तेजात आपला माल चमकविणे निराळे.

आता याच्या उलट उदाहरण घ्या. होडीच्या मागे बसविलेल्या इंजिनात समुद्राचे पाणी ओढून इंजिन थंड ठेवणारा एक रबरी इम्पेलर असतो. तो झिजतो आणि वेळोवेळी बदलावा लागतो. परंतु एका इंजिनाचा इम्पेलर दुसऱ्याला बसेलच असे नाही. येथे कंपनीचे नाव, अश्वशक्ती आणि मॉडेल सांगितल्यावाचून मच्छीमार भावाला योग्य वस्तू मिळणारच नाही. अशा ठिकाणी नाव घेणे आवश्यक ठरते. रिंग आणि इम्पेलर यांच्यातील हा फरक ध्यानात ठेवलात तर कायद्याचा अर्धा भाग समजला.

परदेशांतही विचार याच मार्गाने गेलेला दिसतो. हॉलंडमधील एका गॅरेजवाल्याने आपण बीएमडब्ल्यू गाड्यांची दुरुस्ती करतो अशी जाहिरात केली होती. १९९९ साली युरोपीय न्यायालयाने ती मान्य केली. मात्र आपण कंपनीचे अधिकृत दुकान आहोत असा भास होता कामा नये, ही मर्यादा घातली. फिनलंडमध्ये एका कंपनीने आपल्या दाढीच्या पात्यांच्या पाकिटावर ती जिलेटच्या दांड्याला बसतात असे लिहिले होते. तो वाद त्याच न्यायालयापुढे गेला आणि २००५ साली ठरले की, गिऱ्हाइकाला पूर्ण माहिती देण्याचा दुसरा व्यवहार्य मार्ग नसेल तर असा उल्लेख करता येतो. पण तो प्रामाणिक असला पाहिजे.

आपल्या बाजारभाषेने या बाबतीत मोठा घोटाळा केला आहे. कंपनीचा नसलेला प्रत्येक माल आपण "डुप्लिकेट" म्हणतो. वास्तविक त्यात दोन जाती आहेत. स्वतःच्या नावाने विकलेला, दुसऱ्याच्या यंत्राला बसणारा माल हा प्रामाणिक पर्यायी माल होय. दुसऱ्याचे नाव छापून त्याचाच म्हणून विकलेला माल हा नकली. पहिला व्यापार आहे, दुसरी फसवणूक आहे. नकली चिन्हाचा माल विकल्यास कलम १०४ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. शिवाय दिवाणी न्यायालय विक्री थांबवू शकते, नुकसानभरपाई देववू शकते.

विद्यार्थ्यांनी काही गोष्टी टिपून घ्याव्यात.

मालाच्या मथळ्यात आपले किंवा माल बनविणाऱ्याचे नाव आधी येऊ द्या. नंतर साध्या अक्षरांत "अमुक कंपनीच्या अमुक मॉडेलसाठी उपयुक्त" असे लिहा. ऑनलाईन दुकानाच्या अर्जात "ब्रँड" असा रकाना असतो, तेथे मोठ्या कंपनीचे नाव कदापि भरू नका. तिचे बोधचिन्ह, तिच्या पाकिटाची रंगसंगती, तिच्या संकेतस्थळावरील फोटो घेऊ नका; फोटो स्वतः काढा. "ओरिजिनल", "जेन्युइन", "अधिकृत" हे शब्द मूळ कंपनीच्या मालापुरतेच राखून ठेवा. आपल्या दुकानाच्या नावात दुसऱ्याचे नोंदलेले नाव गुंफू नका. कलम २९ त्याच्या आड येते. जेथे आपला भाग बसतच नाही, त्या कंपन्यांची नावे केवळ शोधात वर येण्यासाठी घालू नका. "कंपनीशी आमचा संबंध नाही" असे स्पष्ट लिहा. परंतु मथळ्यात भूल घालून तळाशी बारीक अक्षरांत खुलासा केल्याने दोष धुऊन निघत नाही. उत्पादकाचे नाव व माल कोणत्या देशात बनला हेही सांगा. ऑनलाईन विक्रीसाठी २०२० सालचे ग्राहक संरक्षणाचे नियम आहेत. वर्णन आणि प्रत्यक्ष माल यांत मेळ असणे त्यांनुसार बंधनकारक आहे.

आणखी एक सावधगिरी. नाव लिहिण्याची मोकळीक म्हणजे भाग बनविण्याची मोकळीक नव्हे. एखाद्या भागाचे पेटंट असू शकते, ते वीस वर्षे चालते. त्याच्या आकाराचे डिझाईन नोंदलेले असू शकते, त्याची मुदत जास्तीत जास्त पंधरा वर्षे असते. म्हणून खरेदीची पक्की बिले जपून ठेवा आणि घाऊक व्यापाऱ्याला माल कोणी बनविला हे विचारल्यावाचून घेऊ नका. कंपनीची नोटीस आली तर घाबरून धंदा गुंडाळू नका आणि ती फाडूनही टाकू नका. तिच्यातील आक्षेप वाचा, चूक असेल तर मजकूर ताबडतोब बदला, आणि वकिलाच्या सल्ल्याने मुदतीत उत्तर द्या.

पालकांना माझी एक विनंती आहे. मुलगा वा मुलगी असा धंदा सुरू करील तेव्हा नफा किती हे विचारण्याआधी पाकिटावर कोणाचे नाव आहे हे विचारा. भर समुद्रात इंजिन बंद पडते तेव्हा होडीत माणसे असतात. ज्या मालावर बनविणाऱ्याचे खरे नाव आहे, त्याचा जाब कोणाला तरी विचारता येतो. खोट्या नावाच्या मालाला वारस नसतो.

शेवटी, दुसऱ्याच्या नावाच्या सावलीत कायमचे बसू नका. माल चांगला निघाला, गिऱ्हाईक परत येऊ लागले, की आपले स्वतःचे नाव नोंदवा. व्यापारचिन्ह नोंदणीचे मुख्य कार्यालय आपल्याजवळ, मुंबईतच आहे आणि अर्ज घरबसल्या ऑनलाईन करता येतो. व्यक्ती व लघुउद्योग यांना मालाच्या एका वर्गासाठी साडेचार हजार रुपये शुल्क पडते. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुढे दर दहा वर्षांनी वाढविता येते. आज आपला विद्यार्थी "अमुक कंपनीच्या इंजिनाला बसणारा" असे लिहून विकतो आहे. उद्या त्याच्या मालाला बसणारे भाग विकताना दुसऱ्या कोणाला त्याचे नाव लिहावे लागो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.