घरांतील नेमबाजी

नेमबाजी हा शब्द कानीं पडतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें राजवाडे, शिकारी आणि किंमती बंदुका उभ्या राहतात. २००८ सालीं बीजिंग येथें अभिनव बिंद्रा यानें दहा मीटर हवाई रायफलीचें सुवर्णपदक जिंकलें. त्याच्या सरावासाठीं घरच्या आवारांतच खास जागा बांधलेली होती, हें ऐकून मध्यम स्थितींतील अनेक आईबापांनीं मनांत म्हटलें असेल कीं, हा खेळ आपला नव्हे.

महाराष्ट्राचा अनुभव मात्र निराळा आहे. कोल्हापूरकडील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे हा एका शिक्षकाचा मुलगा आणि तेव्हां रेल्वेंतील तिकीट तपासनीस होता. १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें पन्नास मीटर रायफलीच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेंत त्यानें कांस्यपदक मिळविलें. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्यूनिक येथें जगज्जेत्या ठरल्या. त्याच शहरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई स्पर्धेंत पंचवीस मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक पटकाविलें. तेव्हां हा खेळ धनिकांचाच, असें म्हणण्यास आतां जागा उरलेली नाहीं.

अडचण आहे ती जागेची आणि साधनाची. जालन्याहून पुण्याच्या बालेवाडीची नेमबाजीची जागा सुमारें तीनशे किलोमीटर दूर. जालना, अंबड किंवा परतूर येथील विद्यार्थ्यानें दर आठवड्यास तेथें जावें, हें होण्यासारखें नाहीं. आणि स्पर्धेच्या पिस्तुलाची किंमत लाखाच्या घरांत जाते. मग अशा मुलानें किंवा मुलीनें स्वस्त हवाई पिस्तूल आणून घरींच नेम मारला, तर त्यांतून कांहीं विद्या हातीं लागते, कीं तो नुसता पोरखेळ होतो? लागते, मात्र पिस्तुलाचा दोष कोणता आणि आपला कोणता, हें ओळखतां आलें पाहिजे.

आधीं मापें पाहूं. स्पर्धेंत अंतर दहा मीटर, नळी साडेचार मिलिमीटरची. काळ्या वर्तुळाचा व्यास ५९.५ मिलिमीटर, आणि त्याच्या पोटांतील दहा गुणांचें वर्तुळ अवघें ११.५ मिलिमीटरचें, म्हणजे हाताच्या करंगळीच्या नखाएवढें. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १४० सेंटिमीटर उंच. घरांत दहा मीटर लांबी क्वचितच मिळते. पांच मीटर मिळाली, तर लक्ष्याचा कागद निम्म्या मापाचा काढावा. डोळ्यास तो तेवढाच दिसतो.

आतां पिस्तुलाचा विचार. स्पर्धेच्या पिस्तुलांत दाबून भरलेली हवा असते. तें उडतांना हातांत फारसें हलत नाहीं. स्वस्त पिस्तुलांत बहुधा जोरदार स्प्रिंग असते. चाप ओढतांच दट्ट्या पुढें धांवतो, आणि छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वींच पिस्तुलास हिसका बसतो. शिवाय त्याचा चापही जड असतो. म्हणून पहिल्या दिवशीं उभें राहून नेम मारूं नये. खुर्चीवर बसून, दोन्ही हात मऊ उशीवर टेकवून, एकाच जातीचे दहा छर्रे सावकाश मारावे. कागदावर त्यांचा जो पुंजका पडेल, तेवढा दोष साधारणपणें पिस्तुलाचा. तो पुंजका तीन सेंटिमीटरचा असेल, तर तीन सेंटिमीटरचें वर्तुळ हेंच त्या घरचें दहा गुणांचें वर्तुळ समजावें. पुढें उभें राहून मारतांना त्याच्या बाहेर गेलेला छर्रा बहुतेक आपल्या हाताचा. ही मोजणी केली नाहीं, तर मूल आपला आळस पिस्तुलावर ढकलण्यास शिकतें, किंवा पिस्तुलाचा दोष आपला मानून हिरमुसतें.

हाताचे दोषही पुष्कळदां समजुतीचे असतात. नवशिका काळ्या वर्तुळाकडे टक लावून पाहतो. वास्तविक दृष्टि नळीच्या टोकावरील माशीवर हवी. माशी स्पष्ट आणि कागद किंचित् पुसट दिसला पाहिजे. याचें कारण साधें गणित आहे. मागची खांच आणि पुढची माशी यांत तीस सेंटिमीटर अंतर धरलें आणि माशी खांचेंत एकच मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरांवर छर्रा तेहतीस मिलिमीटर दूर जातो. उलट, हात न वांकतां सबंधच एक मिलिमीटर बाजूस झाला, तर छर्राही एकच मिलिमीटर चुकतो. तेव्हां हात थोडा डोलला म्हणून घाबरूं नये. माशी खांचेंत नीट ठेवावी, चाप बोटाच्या पेरानें सरळ मागें दाबीत जावें, आणि छर्रा सुटल्यावरही क्षणभर हात तसाच ठेवावा. स्प्रिंगच्या पिस्तुलास हा शेवटला नियम फार जरूर; जो हात लवकर खालीं आणतो, त्याचा छर्रा खालींच जातो. मात्र असें पिस्तूल छर्रा न घालतां उडवूं नये. दट्ट्या आपटून बिघडतो. दिवसास तीस छर्रे पुरे. प्रत्येक कागदावर तारीख घालून तो जपून ठेवावा.

आतां जें सर्वांत महत्त्वाचें तें. हवाई पिस्तूल हें खेळणें नव्हे. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा डोळ्यास लागला, तर तो डोळा परत येत नाहीं. जुन्या वाड्याची ढाळज लांबट असली, तरी तेथून घरच्यांची जा-ये असते. ती जागा वर्ज्य. माळवदावर किंवा गच्चीवरही नेम मारूं नये. चुकलेला छर्रा शेजाऱ्याच्या अंगणांत पडतो. खोली अशी असावी कीं, तिचें एकुलतें दार नेम मारणाऱ्याच्या पाठीमागें येईल. लक्ष्यामागें उघडी भिंत किंवा उभा पत्रा नसावा. छर्रा उलटून येतो. एका मजबूत पेटींत जुनीं वर्तमानपत्रें घट्ट दाबून भरावीं आणि त्यांच्या मागें जाड लोखंडी पत्रा, वरची कड पुढें झुकेल असा, तिरपा बसवावा. सळयांच्या कारखान्यांच्या या जालना शहरांत असा तुकडा भंगारांतही मिळतो. डोळ्यांस चष्मा, शेजारीं वडील माणूस, आणि चापावर बोट केवळ नेम धरल्यावर, हे नियम कधीं मोडूं नयेत. छर्रे शिशाचे असतात. काम संपतांच हात साबणानें धुवावे. पिस्तूल कुलुपांत आणि किल्ली वडील माणसाजवळ.

कायद्याची माहितीही हवी. साडेचार मिलिमीटरपर्यंत नळीच्या आणि वीस ज्यूलपर्यंत जोराच्या हवाई शस्त्रास २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणें परवाना लागत नाहीं. तरीही पावती जपावी आणि चालू नियम पोलीस ठाण्यांत विचारून घ्यावे. रानपांखरांस तर १९७२ च्या कायद्याचें संरक्षण आहे. ज्या दिवशीं मुलानें साळुंकीवर नेम धरला, त्या दिवशीं पिस्तूल काढून घेण्यास पालकांनीं कचरूं नये.

स्वस्त पिस्तूल पदक मिळवून देणार नाहीं. त्यासाठीं पुढें चांगलें साधन आणि जाणता शिक्षक हवाच. पण २८ जुलै २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें मनू भाकर हिनें दहा मीटर हवाई पिस्तुलाचें कांस्यपदक घेतलें, तिच्याही हातास माशी, खांच आणि चाप यांचा हाच पाठ गिरवावा लागला. तो पाठ पांच मीटरांच्या खोलींतही गिरवितां येतो. स्वतःचा दोष रोज कागदावर पाहण्याची, तो मोजण्याची आणि दुसऱ्यावर न ढकलण्याची संवय ज्या मुलास लागली, त्याच्या हातीं पुढें कोणतेंही काम आलें तरी तें नेमकें होईल.